वनौषधींच्या नांवांचा घोळ

बाजारांत जाऊन शंखपुष्पी मागा. दुकानदार पुडी बांधून देईल, पैसे मोजून घेईल आणि मुलाची बुद्धि वाढेल असा आशीर्वादही देईल. परंतु त्या पुडींत कोणतें झाड आहे हें तुम्हांस सांगतां येणार नाहीं, आणि बहुधा त्यासही येणार नाहीं. शंखपुष्पी या एका नांवाखालीं आपल्या देशांत निदान चार झाडें खपतात. कोठें ती जमिनीसरपट पसरणारी कॉन्व्हॉल्व्ह्युलस असते, कोठें बारीक निळ्या फुलांची विष्णुक्रांता असते, केरळाकडे ती कुंपणावरची गोकर्ण असते, तर बंगालकडे कान्स्कोरा नांवाचें चौथेंच झाड तिच्या जागीं बसतें. नांव एक, झाडें चार, आणि तें पिणारें लेंकरूं मात्र एकच!

ब्राह्मीची गोष्ट तीच. आपल्याकडे ओलसर जागीं उगवणाऱ्या, बेडकाच्या पायासारख्या गोल पानांच्या वेलीस लोक ब्राह्मी म्हणतात. ग्रंथकार तिला मंडूकपर्णी म्हणतात आणि ब्राह्मी म्हणून बकोपा नांवाच्या दुसऱ्याच जाड पानांच्या वनस्पतीकडे बोट दाखवितात. रास्ना म्हणून एका प्रांतांत प्लुचिया नांवाच्या झुडपाचीं पानें मिळतात, दुसऱ्या प्रांतांत आल्यासारखें कुलिंजनाचें मूळ मिळतें, तर तिसऱ्या प्रांतांत झाडांवर वाढणाऱ्या एका आमराचीं मुळें मिळतात. पान, कंद आणि मूळ यांत अंतर नाहीं काय? पण पुडीवर तिघांचेंही नांव एकच.

कोणी म्हणेल, "मास्तर, हा पंडितांचा वाद आहे, खेड्यांतल्या माणसास त्याशीं काय करावयाचें?" आमचें म्हणणें नेमकें उलट आहे. पंडिताचा वाद पुस्तकांत राहतो. पुडी मात्र आमच्या पोटांत जाते. म्हणून वनौषधीचें नांव हा शब्दकोशाचा प्रश्न नसून जिवाचा प्रश्न आहे, आणि ज्यांच्या जिवाचा आहे त्यांनींच त्यांत लक्ष घातलें पाहिजे.

हा घोळ आजचा नाहीं. अमरकोशांतील वनौषधिवर्ग उघडून पाहावा. "विशल्या" हें नांव त्यांत गुळवेलीस दिलें आहे आणि तेंच कळलावीसही दिलें आहे. "अनंता" ही दूर्वा आहे, उपळसरी आहे आणि पुन्हां कळलावीही आहे. दूर्वा आपण गणपतीला वाहतों. उपळसरीचीं सुवासिक मुळें उन्हाळ्यांत थंडाव्यासाठीं सरबतांत घालतों. आणि कळलावी? तिच्या कंदांत व बियांत कोल्चिसीन नांवाचें जालीम विष आहे. तें मोजून, अगदीं थोड्या मात्रेंत दिलें तर सांध्यांच्या एका दुखण्यावर डॉक्टरांस उपयोगी पडतें. पण घरगुती अंदाजानें घेतलें तर माणूस दगावतो. आतां कोणीं जुन्या पोथींत "अनंतेचें मूळ घ्यावें" एवढेंच वाचून औषध केलें, तर तो सरबत पिईल कीं विष पिईल?

ज्यांनीं हीं नांवें रचिलीं ते वेडे नव्हते, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. त्यांचीं नांवें हीं पुष्कळदां वर्णनें आहेत. छिन्नरुहा म्हणजे तोडली तरी पुन्हां वाढणारी. गुळवेलीचा तुकडा कुंपणावर टाकून दिला तरी तो हिरवा होतो हें ज्यानें पाहिलें आहे, त्याला हें नांव किती नेमकें आहे तें कळेल. गुरु शिष्याला रानांत नेऊन झाड दाखवीत असे तोंपर्यंत एका विशेषणावर काम भागत होतें. पुढें झाड दाखविणारा हात सुटला आणि नुसता श्लोक पाठ करावयाचा उरला. ज्याच्या हातीं पोथी, तो रानांत जाईना. आणि जो रोज रानांत जात होता, त्याच्या हातीं पोथी पडूं दिली नाहीं. या दोघांची ताटातूट हेंच या घोळाचें मूळ आहे.

ही आमची पदरची कल्पना नाहीं. खुद्द चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, औषधींचीं नांवें आणि रूपें शेळ्या राखणारे, मेंढ्या राखणारे, गुरें राखणारे आणि वनांत राहणारे लोक जाणतात. नुसतें नांव व रूप जाणून भागत नाहीं, उपयोगही जाणला पाहिजे, असें ग्रंथकार पुढें म्हणतो, आणि तें खरेंच आहे. पण झाड ओळखण्याच्या कामीं धनगर आणि गुराखी हे पहिले जाणकार आहेत, ही कबुली त्यानें स्वच्छ दिली आहे. पुढें चरकाचा जयघोष सर्वांनीं केला. धनगराला मात्र कोणी विचारिलें नाहीं! काखेंत कळसा आणि गांवाला वळसा म्हणतात, तो हाच.

विचारणारा कोणी भेटला म्हणजे काय घडतें याचा एक दाखला देतों. इ. स. १६७८ पासून १६९३ पर्यंत ॲम्स्टरडॅम शहरीं "हॉर्टस मलबारिकस" नांवाचा बारा खंडांचा ग्रंथ छापून निघाला. मलबारांतील सातशेंहून अधिक वनस्पतींचीं चित्रें व माहिती त्यांत आहे. तो कोचीनच्या व्हान ऱ्हीड नांवाच्या डच अधिकाऱ्यानें करविला. त्या कामीं रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट या तीन कोंकणी भटांनींही साह्य केलें आणि तशीं साक्षपत्रें लिहून दिलीं. पण ज्याच्या माहितीवर ग्रंथाचा मोठा भार आहे तो इट्टी अच्युतन हा ईळवा जातीचा वैद्य होता. या जातीला त्या काळीं विटाळाची मानीत आणि ताडी काढणें हाच तिचा धंदा असें समजत. त्याचेंही साक्षपत्र १६७५ सालचें असून तें ग्रंथांत छापलें आहे. पुढें लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५३ सालीं जगांतील वनस्पतींस दोन पदांचीं नांवें देण्याची जी पद्धत घातली, तींत मलबारच्या वनस्पतींकरितां त्यानें याच ग्रंथाचा आधार घेतला.

ही दोन पदांची पद्धत पुष्कळांस अवघड वाटते. वास्तविक ती आमच्या हजेरीपटासारखी सोपी आहे. एका वर्गांत तीन सुनीता असल्या तर मास्तर काय करतो? आडनांव आधीं लिहितो आणि नांव मागून लिहितो, म्हणजे एकीची गैरहजेरी दुसरीच्या माथीं पडत नाहीं. शास्त्रीय नांवांतही पहिलें पद कुळाचें आणि दुसरें त्या झाडाचें. टिनोस्पोरा हें आडनांव, कॉर्डिफोलिया हें नांव, मिळून आपली गुळवेल. तिच्याच आडनांवाची टिनोस्पोरा क्रिस्पा ही निराळी, आणि केंसाळ पानांची टिनोस्पोरा सायनेन्सिस ही आणखी निराळी. जगाच्या पाठीवर कोठेंही हें नांव घेतलें कीं एकच झाड डोळ्यांपुढें येतें. शास्त्रज्ञही अधूनमधून नांवें बदलतात हें खरें. अडुळशाला पुष्कळ पुस्तकांत अधाटोडा वासिका म्हणत, आतां जस्टिसिया अधाटोडा म्हणतात. पण जुनें कोणतें व नवें कोणतें याचा हिशेब ते लिहून ठेवतात, म्हणून घोटाळा होत नाहीं. आणि गंमत अशी कीं, त्यांतला अधाटोडा हा शब्द लॅटिन नव्हेच. तो तामिळ लोकांच्या बोलींतला आहे, आणि शेळी ज्याला तोंड लावीत नाहीं तो पाला असा त्याचा अर्थ सांगतात. म्हणजे कोण्या शेळक्यानें ठेवलेलें नांव जगाच्या शास्त्रांत जाऊन बसलें! लोकबोलीला शास्त्रांत स्थान नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

आतां आमच्या बोलीचाही दोष झांकून ठेवूं नये. कोंकणांत ज्याला टाकळा म्हणतात त्याला वऱ्हाडांत तरोटा म्हणतात. कोंकणचा माणूस वऱ्हाडांत टाकळा मागूं लागला तर त्याला कोणी तो देणार नाहीं. घेटुळीला पुनर्नवा म्हणतात आणि खापऱ्यालाही पांढरी पुनर्नवा म्हणतात. कडुनिंब आणि बकाण निंब यांत नांवाचें साम्य आहे, पानांचें साम्य आहे, पण बकाणाचीं फळें विषारी आहेत. म्हणून गांवचें नांव एकटें पुरत नाहीं. त्याच्याशेजारीं शास्त्रीय नांव बसविलें म्हणजे मात्र दोन्हींचें काम होतें: एक नांव जिभेसाठीं, दुसरें नांव खात्रीसाठीं.

उलट, झाडाचें ज्ञान पोथींतूनच येतें हा समज किती पोकळ आहे याची साक्ष आपल्या बांधावरच आहे. शेतांत विळा लागला कीं पोरें एका रोपट्याचा पाला चोळून जखमेवर दाबतात. त्याला कोठें दगडी पाला, कोठें एकदांडी, कोठें कंबरमोडी म्हणतात. शास्त्रीय नांव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. हें झाड मूळचें मध्य अमेरिकेकडचें. तें चरक-सुश्रुतांच्या काळीं या देशांत नव्हतें. त्याची ओळख, त्याचीं नांवें आणि त्याचा उपयोग हें सर्व शेतांत राबणाऱ्यांनीं आपल्या अनुभवानें उभें केलें आहे.

परंतु हें ज्ञान लिहिलेलें नाहीं, आणि न लिहिलेल्या ज्ञानाला कोर्टांत साक्षीदार मिळत नाहीं. हळदीनें जखम भरते या गोष्टीचें पेटंट १९९५ सालीं अमेरिकेंत दोघां संशोधकांस मिळालें होतें. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुने लेख व ग्रंथ पुढें करून तें १९९७ मध्यें रद्द करविलें. हळदीचा उल्लेख लिखाणांत होता म्हणून ती वांचली. कातकऱ्यांच्या, ठाकरांच्या, वैदूंच्या आणि गांवच्या म्हाताऱ्या सुइणींच्या डोक्यांत जें आहे, त्याचे कागद कोण पुढें करणार?

नांव चुकल्यानें काय होतें याचा सर्वांत भयंकर दाखला बेल्जमचा आहे. ब्रुसेल्स शहरांतील एका दवाखान्यांत वजन कमी करण्यासाठीं स्त्रियांस चिनी मुळ्यांचें चूर्ण देत. त्यांत "हान फांग-जी" म्हणजे स्टेफानिया ही वनस्पति असावयाची. पण तिच्या जागीं "ग्वांग फांग-जी" म्हणजे ॲरिस्टोलोकिया ही दुसरीच येऊन पडली. फांग-जी हें नांव दोघींचें! १९९३ सालीं हा प्रकार वैद्यकीय नियतकालिकांत उघड झाला. पुढें शंभरांहून अधिक रोग्यांचीं मूत्रपिंडें बिघडल्याचें दिसून आलें, आणि कित्येकींस मूत्रमार्गाचा कर्करोगही जडला. ॲरिस्टोलोकियांतील अम्ल कर्करोग उत्पन्न करतें हें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें निश्चित म्हटलें आहे. हें दूरच्या देशाचें वर्तमान म्हणून सोडून देतां येत नाहीं. कारण याच कुळांतील सापसंद आणि किडामार या वनस्पति आपल्याकडे औषध म्हणून वापरांत आहेत. सापसंद या नांवानेंच ती सापाच्या विषावर चालते असा भास होतो. नांवाच्या भरंवशावर मुळी उगाळीत बसूं नये. साप चावला तर सर्पविषाची लस जेथें आहे त्या दवाखान्याचा रस्ता धरावा. नांव सोनुबाई आणि हातीं कथलाचा वाळा, ही म्हण औषधांनाही लागू आहे.

घरचा दाखलाही ताजा आहे. करोनाच्या साथींत गुळवेलीचा काढा घरोघर सुरू झाला. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत असा काढा अथवा गोळ्या घेतलेल्या सहा रोग्यांच्या यकृतास इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनीं २०२१ मध्यें प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचें उत्तर असें कीं, रोग्यांनीं घेतलेली वनस्पति खरोखर टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती काय हें तपासलेलें नाहीं. ती क्रिस्पासारखी दुसरी असूं शकेल. २०२२ मध्यें देशांतील अनेक इस्पितळांच्या डॉक्टरांनीं मिळून आणखी रोग्यांची नोंद पुढें मांडली. या वादांत कोणाची बाजू खरी हें ठरविण्याचा अधिकार शाळामास्तराला नाहीं. पण एक गोष्ट शाळामास्तरालाही दिसते: सारा वाद "ती वेल कोणती?" या एका प्रश्नापाशीं येऊन अडला. तोडणाऱ्यानें, विकणाऱ्यानें आणि पिणाऱ्यानें तो प्रश्न आधींच विचारला असता तर?

झाडांच्या नांवांइतकाच घोळ रोगांच्या नांवांत आहे. "कुष्ठ" हा शब्द घ्या. आज लोक त्याचा अर्थ महारोग असा करतात. आयुर्वेदांत मात्र कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले असून त्यांत साध्या नायट्यापर्यंत कातडीचे कितीतरी विकार येतात. आणखी भर म्हणजे कोष्ठ नांवाच्या मुळीलाही संस्कृतांत कुष्ठच म्हणतात! आतां एखाद्या पुस्तकांत "ही वनस्पति कुष्ठनाशक आहे" असें छापलेलें असतें. लेखकाचा अर्थ कदाचित् खरुज-नायटा एवढाच असेल. पण अंगावर बधिर चट्टा उठलेला माणूस तें वाचून वर्षभर पाला चोळीत बसतो, आणि तेवढ्यांत त्याचीं बोटें वांकडीं होतात. महारोगावर सरकारी दवाखान्यांत फुकट औषध मिळतें. सहा महिने किंवा बारा महिने तें नेमानें घेतलें तर रोग बरा होतो, आणि वेळीं घेतलें तर व्यंगही येत नाहीं. एका शब्दानें त्या माणसाचे हात हिरावून घेतले म्हणावयाचें नाहीं तर काय?

काविळीचेंही तसेंच. कावीळ हा एक रोग नव्हे. डोळे पिवळे होणें हें पुष्कळ रोगांचें लक्षण आहे. घाणेरड्या पाण्यानें होणारी कावीळ बहुधा आपोआप बरी होते, म्हणून त्या वेळीं जो पाला दिला असेल त्याला यश मिळतें. पण त्याच जातीची एक कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतते. रक्तावाटे येणारी दुसरी वर्षानुवर्षें यकृत पोखरते. उंदराच्या मुतानें दूषित चिखलांतून येणारी तिसरी असते. आणि पित्ताचा मार्ग खड्यानें अडला तर चौथीला शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नसतें. या सर्वांस एकाच नांवानें हांक मारून एकाच मुळीची पुडी देणें म्हणजे वर्गांतल्या चाळीस मुलांस एकाच इयत्तेचा पेपर देण्यासारखें आहे.

कायदा याविषयीं अगदीं मुका नाहीं. औषधांच्या १९४५ सालच्या नियमांना एक विषारी द्रव्यांचें परिशिष्ट जोडलेलें आहे. रुई, बिब्बा, धोतरा, गुंज, जमालगोटा, कण्हेर, कळलावी, बचनाग, कुचला हीं आपल्या ओळखीचीं मंडळी त्यांत आहेत. ज्या आयुर्वेदी औषधांत पोटांत घेण्यासाठीं यांपैकीं कांहीं असेल, त्याच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालींच घ्यावें असा इशारा छापावा लागतो. कोणत्या भाषेंत? इंग्रजींत आणि हिंदींत. मराठी मुलखांतल्या खेड्यांत विकल्या जाणाऱ्या बाटलीवर मराठी इशाऱ्याची सक्ती नाहीं! औषधाची जाहिरात मात्र शुद्ध मराठींत असते. विकण्यापुरती आमची भाषा चालते आणि सावध करण्यापुरती चालत नाहीं, हा न्याय कोणता?

तर मग करावें काय? कांहींजण म्हणतात, हें सर्व थोतांड आहे, टाकून द्या. तें आम्हांस मान्य नाहीं. खोकल्यावर आजचे डॉक्टर जें ब्रोमहेक्झिन देतात तें अडुळशांतल्या द्रव्यावरूनच तयार झालें. आणि सर्पगंधेंतून १९५२ मध्यें निघालेलें रेसर्पीन रक्तदाबाच्या औषधांत गाजलें. पाल्यांत गुण आहेत. ते तपासून घेतले पाहिजेत एवढेंच. दुसरे म्हणतात, ऋषींनीं सांगितलें त्यांत शंका घेऊं नका. तेंही मान्य नाहीं. कारण ऋषींनीं कोणतें झाड सांगितलें यावरच त्यांच्या भक्तांचें एकमत नाहीं.

आमच्या सूचना साध्या आहेत. पहिली, वनौषधीवर जो कोणी मराठींत लिहील किंवा पुडी विकील त्यानें गांवचें नांव, शास्त्रीय नांव आणि झाडाचा कोणता भाग घ्यावयाचा, या तिन्ही गोष्टी मराठी अक्षरांत द्याव्या. दुसरी, रोगाचें नांव लिहितांना आजच्या माणसास कळेल असें लिहावें. "कुष्ठ", "प्रमेह", "ज्वर" असे शब्द मोकळे सोडूं नयेत. तिसरी, मापें ग्रॅम-मिलिलिटरांत द्यावीं. आजच्या मुलाला तोळा, मासा आणि गुंज कळत नाहीं. आणि औषध एक गुंजभार घ्यावें याचा अर्थ गुंजेचें बीं खावें असा कोणीं केला तर अनर्थ होईल, कारण तें बीं विषारी आहे. चौथी, विषारी द्रव्यांचा इशारा महाराष्ट्रांत मराठींतही छापण्याची सक्ती व्हावी.

पांचवी सूचना आमच्या शिक्षकबंधूंस आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणें प्रत्येक गांवीं समिति असावयाची आणि तिनें लोकांच्या माहितीची नोंदवही ठेवावयाची. ती वही कचेरींत बसून भरूं नका. मुलांस घेऊन धनगरवाड्यावर, कातकरवाडीवर, वैदूच्या पालावर आणि सुइणीच्या ओट्यावर जा. झाडाचें नांव ज्या तोंडून आलें त्याच तोंडचें लिहा, सुधारून संस्कृत करूं नका. फांदी फुलासकट कागदांत दाबून वाळवा, आणि ओळख पटविण्यासाठीं पुण्यास भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचें केंद्र आहे तेथें विचारा. सांगणाऱ्याचें नांव त्याच्या संमतीनें नोंदींत लिहा. म्हणजे उद्यां त्या माहितीवर कोणीं पैसा केला तर तिचा धनी कोण हें ठाऊक राहील.

या कामाला मोठा पैसा लागत नाहीं. लागते ती एक वही, एक पेन्सिल आणि ज्याला आजवर कोणीं विचारिलें नाहीं त्याच्यापुढें बसून ऐकण्याची तयारी. पिकलीं पानें गळत आहेत. दर वर्षीं गांवांतला एखादा जाणता म्हातारा जातो आणि त्याच्याबरोबर झाडांचीं नांवें जातात. नांव गेलें कीं ओळख गेली, आणि ओळख गेली कीं उरते ती दुकानदाराची पुडी.

— एक शाळामास्तर